सॉमरसेट मॉम वाचायचाय? मग ती जाडी कादंबरी आधी खाली ठेवा

सगळ्यात आधी नाव. मॉघम नाही, मौगॅम तर नाहीच नाही, मॉम. आईला मॉम म्हणतात तसं. मी कॉलेजात दोन वर्षं मॉघम म्हणत होतो आणि कुणी सुधारलं नाही, कारण सगळेच मॉघम म्हणत होते. पूर्ण नाव विल्यम सॉमरसेट मॉम, जन्म २५ जानेवारी १८७४, मृत्यू डिसेंबर १९६५. म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळात जन्मलेला माणूस थेट बीटल्सच्या जमान्यापर्यंत जगला, आणि त्यातली साठ-पासष्ट वर्षं लिहीत होता. एवढा पसारा बघून माणूस गांगरतो आणि नेमका चुकीच्या दारातून आत शिरतो, म्हणून हा खटाटोप.

चुकीचं दार म्हणजे 'ऑफ ह्यूमन बॉन्डेज'. कुणालाही विचारा मॉमचं काय वाचू, तो हेच नाव सांगणार. पुस्तक उत्तम आहे यात वादच नाही, पण त्यात १२२ प्रकरणं आहेत, आणि नायक पोरका होतो, काकाकडे जातो, शाळेत छळला जातो, जर्मनीला जातो, लंडनला येतो, पॅरिसला जातो, परत येतो, आणि तुम्ही ज्या मिल्ड्रेडबद्दल इतकं ऐकलेलं असतं ती बाई अजून आलेलीच नसते. माझी प्रत आत्याच्या कपाटातली होती, पिवळी पडलेली, बारीक टायपाची, आणि मी तीन वेळा सुरू करून तीन वेळा साधारण जर्मनीतच अडकलो. चौथ्यांदा पार पडली ती मधल्या काळात बाकीचं वाचून झालं होतं म्हणून. तर ती कादंबरी आपण शेवटाकडे घ्यायची. कपाटात असू दे, कुठे पळून जात नाही.

सुरुवात गोष्टींपासून करायची, आणि त्यातही छोट्या गोष्टींपासून. 'द लंचन' तुम्ही कदाचित इंग्रजीच्या पुस्तकात वाचली असेल, पॅरिसमधला गरीब लेखक एका बाईला जेवायला नेतो आणि ती "मी एकच पदार्थ खाते हो" म्हणत म्हणत सामन, कॅव्हिअर, शॅम्पेन, ॲस्परॅगस सगळं हाणते, ती. शाळेत आपण ती विनोदी गोष्ट म्हणून वाचतो, प्रश्नोत्तरं लिहितो आणि विसरतो. आता परत वाचा आणि फक्त एवढंच बघा की बाईचं प्रत्येक वाक्य कसं तिचं वाक्य आहे, लेखक मध्ये येऊन ती ढोंगी आहे असं सांगत नाही, ती बोलते आणि आपल्याला कळतं. मग 'द व्हर्जर', मग 'मिस्टर नो-ऑल'. शेवट सांगत नाही, वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. या असल्या आखूड गोष्टी त्यानं कॉस्मोपॉलिटन मासिकासाठी लिहिल्या, आणि अट अशी होती की गोष्ट समोरासमोरच्या दोन पानांत बसली पाहिजे. त्यामुळे फाफटपसारा नाही, वर्णनाची आतषबाजी नाही. आपल्याकडे मासिकात अडीच पानं रिकामी आहेत म्हणून कथा लांबवली जाते त्याच्या बरोब्बर उलटं.

दोन-तीन दिवस हे झालं की एक लांब गोष्ट घ्या, 'रेन'. ही पाऊस पडत असताना वाचावी असं मी म्हणेन, आणि आपल्याकडे जुलै महिना त्यासाठीच दिलाय. पॅसिफिकमधल्या पागो पागो बंदरात काही प्रवासी अडकून पडतात, त्यात एक कडक मिशनरी, त्याची त्याहून कडक बायको, एक डॉक्टर, आणि मिस थॉम्पसन नावाची ग्रामोफोन वाजवणारी बाई. पाऊस थांबत नाही. बस, एवढंच सामान. मॉम स्वतः १९१६ च्या शेवटी बोटीनं तिथे गेला होता, बोटीवर खरोखरच एक मिशनरी जोडपं होतं आणि एक मिस थॉम्पसनसुद्धा होती, आणि या पठ्ठ्यानं तिचं आडनावसुद्धा बदललं नाही. वहीत टिपून ठेवलं आणि तसंच वापरलं. ही त्याची खोड पुढे त्याला बरीच महागात पडली, ते येतंच.

इथवर आलात की थोडं आयुष्य वाचायचं. संपूर्ण चरित्र नको, आत्ताच नको, नुसत्या तीन गोष्टी खिशात ठेवा. एक, तो जन्मला पॅरिसमध्ये, तेही ब्रिटिश वकिलातीत, कारण फ्रान्सच्या जमिनीवर जन्मलेल्या मुलांना पुढे फ्रेंच सैन्यात भरती व्हावं लागेल असा कायदा येऊ घातला होता आणि वडील वकिलातीचं कायद्याचं काम बघायचे, त्यांनी सोय केली. पहिली भाषा फ्रेंच. आई क्षयानं आजारी, आणि मुलाचा आठवा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले तेव्हा गेली, बाळंतपणानंतर. तिचा फोटो तो म्हातारपणापर्यंत उशाशी ठेवायचा. दोन वर्षांनी वडीलही गेले, आणि हे दहा वर्षांचं पोर इंग्लंडमध्ये केंटमधल्या व्हिटस्टेबल गावी काकाकडे पाठवलं गेलं. काका चर्चचा व्हिकर, म्हणजे गावचा धर्मगुरू, मूलबाळ नाही, घरात माया नाही.

दोन, तोतरेपण. म्हणजे बोलताना शब्द अडायचा. हे आयुष्यभर राहिलं. ज्याला स्वतःला वाक्य धड पूर्ण करता येत नाही तो इतरांची वाक्यं किती लक्ष देऊन ऐकत असेल विचार करा. मला विचाराल तर सगळी किल्ली इथेच आहे.

तीन, हॉस्पिटल. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पाच वर्षं डॉक्टरकी शिकला, लॅम्बेथच्या झोपडपट्टीत घरोघर जाऊन बाळंतपणं केली, आणि त्यातूनच १८९७ मध्ये 'लायझा ऑफ लॅम्बेथ' ही पहिली कादंबरी आली. पहिली आवृत्ती काही आठवड्यांत संपली, त्याच वर्षी डॉक्टरकीची डिग्रीही मिळाली आणि साहेबांनी एक दिवसही प्रॅक्टिस केली नाही. घरच्यांना काय वाटलं असेल! पण डॉक्टरची नजर राहिली. पेशंट कण्हतोय आणि हा जिभेचा रंग बघतोय, तसली. लोक त्याला निर्दय म्हणतात ते यावरून. मला तो निर्दय वाटत नाही, मला तो ओपीडीत बसलेला वाटतो.

आता खरी गोष्ट, जी सांगायला मी हे सगळं लिहायला बसलो. नाटकं. मॉमची नाटकं वगळून मॉम वाचायचा म्हणजे पुलंची नाटकं आणि एकपात्री वगळून फक्त प्रवासवर्णनं वाचण्यासारखं आहे. आणि नव्वद टक्के लोक तसंच करतात, मी पण केलं. कादंबरीकार म्हणून आज तो ओळखला जातो पण त्याचं घर चाललं, बंगला झाला, चित्रांचा संग्रह झाला, तो आधी नाटकांवर. आणि पैसा सोडा, त्याच्या गोष्टींत पात्र खोलीत येतं कधी, जातं कधी, शेवटचं वाक्य कुणाच्या तोंडी पडतं आणि पडदा कुठे पडतो, ही सगळी तालीम रंगभूमीवरची आहे.

सुरुवातीला काही जमत नव्हतं. दहा वर्षं कादंबऱ्या लिहून नावापुरतं नाव, पैसे बेताचे. 'लेडी फ्रेडरिक' नावाचं नाटक लिहून ठेवलेलं, एकामागून एक मॅनेजर नाकारतोय. कारण काय तर एका प्रवेशात नायिकेला सकाळच्या उजेडात, विस्कटलेल्या केसांनी, मेकअप न करता स्टेजवर यायचं होतं आणि मग त्या प्रेमात पडलेल्या पोरासमोर बसून एकेक थर चढवायचा होता, म्हणजे त्याला कळावं की बाईचं वय किती आणि रंग कुठला. नट्या म्हणायच्या छे, हे आम्ही करणार नाही. मग १९०७ मध्ये लंडनच्या कोर्ट थिएटरात दुसरं एक नाटक आपटलं, काही आठवड्यांची मोकळी जागा होती, भरायला काहीतरी हवं म्हणून हे लावलं. ते वर्षाहून जास्त चाललं, चारशेच्या वर प्रयोग. आणि १९०८ मध्ये एकाच वेळी त्याची चार नाटकं लंडनच्या वेस्ट एंडला सुरू होती. पंच या विनोदी साप्ताहिकानं व्यंगचित्र काढलं, मॉमच्या जाहिराती लागलेल्या भिंतीसमोर शेक्सपिअर नखं खात उभा. चौतीस वर्षांचा होता तेव्हा. आपल्याकडे एकाच लेखकाच्या चार पाट्या शिवाजी मंदिर, यशवंत, गडकरी आणि बालगंधर्वला एकदम लागल्या असत्या तर पेपरवाल्यांनी काय केलं असतं ते डोळ्यासमोर आणा.

पण वाचायचं कुठलं? 'लेडी फ्रेडरिक' नका घेऊ, आज जुनाट वाटतं. 'द सर्कल' घ्या, १९२१ चं. एक बाई तीस वर्षांपूर्वी नवरा आणि लहान मुलगा सोडून प्रियकराबरोबर पळून गेली, आता तो मुलगा मोठा झालाय, त्याची बायको हौसेनं या सासूला आणि तिच्या प्रियकराला घरी बोलावते. सून मनात रोमँटिक चित्र रंगवून बसलेली. आणि येतं कोण, तर ओठ रंगवलेली म्हातारी आणि कवळी सैल झालेला, पत्त्यांवरून भांडणारा म्हातारा. आता गंमत अशी की सून स्वतः पळून जायच्या बेतात आहे. पुढे काय होतं ते वाचा. पहिल्या प्रयोगाला गॅलरीतल्या लोकांनी हुर्यो केला होता. वाचताना एक युक्ती सांगतो, मनात नका वाचू, घरातल्या कुणालातरी धरा आणि पात्रं वाटून मोठ्यानं वाचा. माझी बायको आणि मी दोन रविवारी चहाबरोबर तीन अंक संपवले, तिनं म्हाताऱ्याचं काम केलं आणि ती माझ्यापेक्षा बरी होती. मनात वाचलं तर संवाद सपाट वाटतात, तोंडात घेतले की कळतं कुठला शब्द कुठे का ठेवलाय.

त्यानंतर 'द कॉन्स्टंट वाइफ', १९२६. डॉक्टर नवऱ्याचं बायकोच्या जिवलग मैत्रिणीशी लफडं आहे, सगळे कुजबुजताहेत की तिला सांगावं का, आणि तिला पहिल्यापासून माहीत आहे. ती काय करते, रडत नाही, नोकरी धरते, घर सजवण्याच्या धंद्यात शिरते, वर्षभर कमावते, नवऱ्याच्या हातात स्वतःच्या खाण्याराहण्याचे पैसे ठेवते आणि मग सांगते की मी सहा आठवडे इटलीला चालले, आणि एकटी नाही. शंभर वर्षं होत आली या नाटकाला. आता इथे खिशातल्या माहितीत एक भर घाला. मॉमची स्वतःची बायको सिरी, ती त्या काळातली गाजलेली इंटीरियर डेकोरेटर होती, पांढऱ्या रंगाच्या खोल्यांसाठी प्रसिद्ध. लग्न १९१७ मध्ये झालं, त्याआधीच मुलगी झाली होती, आणि ते लग्न पहिल्या दिवसापासून बिनसलेलं, कारण मॉमचा खरा जीव जेराल्ड हॅक्स्टन या अमेरिकन तरुणावर होता, जो त्याला १९१४ मध्ये युद्धात रेडक्रॉसच्या ॲम्ब्युलन्सवर काम करताना भेटला. इंग्लंडमध्ये तेव्हा समलिंगी संबंध हा तुरुंगाचा गुन्हा, याच गुन्ह्यासाठी लेखक ऑस्कर वाइल्डवर खटला झाला तेव्हा मॉम एकवीस वर्षांचा होता, आणि हॅक्स्टनला तर पुढे इंग्लंडात यायलाच बंदी झाली. म्हणून मग फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर काप फेरात इथे व्हिला मोरेस्क नावाचा बंगला, आणि १९२९ ला घटस्फोट. तर घटस्फोटाच्या उंबरठ्यावर बसलेल्या या नवऱ्यानं सगळ्यात हुशार, सगळ्यात सरस बाई लिहिली आणि तिला धंदा दिला तो बायकोचा. याचा अर्थ काय लावायचा तो तुम्ही लावा, मला दर वेळी वेगळा लागतो.

नाटकातला एक अभ्यास करून बघा, मला स्वतःला याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. 'द लेटर' ही गोष्ट घ्या आणि त्याच नावाचं त्याचं १९२७ चं नाटक घ्या. विषय एकच, मलायातल्या रबराच्या मळ्यावरची गोरी बाई एका माणसाला गोळ्या घालते आणि म्हणते त्यानं अंगावर हात टाकला. मुळात १९११ मध्ये क्वालालंपूरला खरोखर असं प्रकरण झालं होतं, एका हेडमास्तरच्या बायकोनं गोळ्या घातल्या, फाशीची शिक्षा झाली आणि मग सुलतानानं माफी दिली. मॉम दहा वर्षांनी तिकडे गेला तेव्हा त्याच्या कानावर हे आलं. आता बघा, गोष्ट सुरू होते ती वकिलाच्या ऑफिसात, खून होऊन गेलाय, सगळं शांत, फायली, पंखा. नाटक सुरू होतं ते थेट गोळ्यांच्या आवाजानं. एकच मजकूर, दोन दारं. गोष्टीत आपण वकिलाबरोबर हळूहळू संशय घ्यायला लागतो, नाटकात आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं आणि तरी काय बघितलं ते कळलेलं नसतं. दोन्ही शेजारी ठेवून पेन्सिलीनं खुणा करा, कुठलं वाक्य राहिलं, कुठलं गेलं. लिहिणाऱ्या मंडळींनी तर हे कराच. मग हवं तर १९४० चा बेट डेव्हिसचा पिक्चर बघा, पण नंतर, आधी नाही.

नाटकं त्यानं तीसेक लिहिली आणि १९३३ मध्ये सरळ थांबवलं. शेवटची दोन कडवट आहेत. 'फॉर सर्व्हिसेस रेन्डर्ड' मध्ये युद्ध संपून चौदा वर्षं झालीत, आंधळा होऊन आलेला मुलगा, लग्न न झालेली बहीण, नोकरी गेलेला नौदलाचा अधिकारी, आणि बाप म्हणतोय सगळं ठीक होईल. लोकांना ते पचलं नाही, फार चाललं नाही. आणि 'शेपी', ज्यात एका न्हाव्याला लॉटरी लागते आणि तो म्हणतो बायबलात सांगितलंय तसं गरिबांना वाटून टाकतो, तर घरचे त्याला वेडा ठरवायला निघतात. यातच ती समाराची गोष्ट आहे जी व्हॉट्सॲपवर फिरत असते, बगदादच्या बाजारात नोकराला मृत्यू दिसतो, तो घाबरून समाराला पळतो, आणि मृत्यूची गाठ समारालाच ठरलेली असते. आपल्याकडे यमराज, गरुड आणि पाखराची गोष्ट सांगतात तशीच. गोष्ट जुनीच आहे, पण त्यानं ती खुद्द मृत्यूच्या तोंडून सांगितलीय, आणि मृत्यू ही बाई आहे.

एवढं झालं की मग कादंबऱ्यांना हात घाला, आणि आता बघा किती भरभर सरकतात. 'द मून अँड सिक्सपेन्स' पहिली, दोन दिवसांत होते. शेअरबाजारात काम करणारा माणूस चाळिशीत बायकोमुलं सोडून चित्रकार व्हायला निघतो, फ्रेंच चित्रकार पॉल गोगँच्या आयुष्यावरून घेतलेली, १९१९ ची. पुस्तकाआधी मॉम ताहितीला जाऊन आला होता आणि तिथे एका झोपडीवजा घरात गोगँनं काचेच्या दारावर काढलेलं चित्र त्याला सापडलं, दोनशे फ्रँक मोजून त्यानं ते दारच उचकटून आणलं. पुढे ते बंगल्यातल्या लिहिण्याच्या खोलीत बसवलं. 'द पेन्टेड व्हेल' नंतर घ्या, हाँगकाँग, कॉलरा, फसलेलं लग्न. तिच्यावरून हाँगकाँगच्या एका जोडप्यानं दावा लावला कारण पात्रांचं आडनाव त्यांचंच होतं, मग आडनाव बदलावं लागलं आणि गावाचं नावसुद्धा. तरी खोड गेली का? नाही. १९३० मध्ये 'केक्स अँड एल' आली.

ही माझी सगळ्यात आवडती, आणि माझ्या मते त्याची सगळ्यात चांगली. एक थोर म्हातारा लेखक वारलाय, दुसरी बायको त्याचं स्मारक करायला बसलीय, एक चलाख मध्यम दर्जाचा लेखक त्याचं चरित्र लिहायला निघालाय, आणि निवेदकाला एकट्यालाच पहिली बायको रोझी माहीत आहे, बारमध्ये काम केलेली, दिलदार, कुणालाही नाही न म्हणणारी. सगळ्या लंडनला वाटलं म्हातारा म्हणजे थॉमस हार्डी, जो दोनच वर्षांपूर्वी गेला होता. आणि तो चलाख लेखक म्हणजे ह्यू वॉलपोल, मॉमचा चांगला मित्र. वॉलपोलला पुस्तक आधी हातात पडलं, रात्री कपडे बदलत होता, सहज उघडलं आणि अर्धवट कपड्यांत पलंगाच्या कडेला बसून वाचतच राहिला, कारण ते आपणच आहोत हे त्याला कळलं. मॉमनं त्याला पत्र लिहून सांगितलं की छे छे तू नाहीस, आणि वॉलपोल गेल्यावर कबूल केलं की हो, तोच डोळ्यासमोर होता. साहित्य संमेलनाच्या मांडवात एकदा तरी फिरलेल्या मराठी माणसाला ही कादंबरी वाचताना जे हसू येईल ते इंग्रजालाही येणार नाही.

मग 'ॲशेन्डेन' हा हेरकथांचा संग्रह, मधल्या चवीसाठी. पहिल्या महायुद्धात मॉम खरोखर ब्रिटिश गुप्तहेर होता, जिनिव्हात बसून नाटक लिहितोय असं दाखवायचा, आणि १९१७ मध्ये तर त्याला रशियाच्या तेव्हाच्या राजधानीत, पेट्रोग्राडला पाठवलं होतं, कामगिरी काय तर झार गेल्यावर आलेलं केरेन्स्कीचं हंगामी सरकार टिकवायचं आणि रशियाला युद्धात ठेवायचं. झालं काय ते आपल्याला माहीत आहे, तो निघाला आणि बोल्शेविक आले. या गोष्टींतला हेर बंदुका चालवत नाही, कंटाळतो, पगार वाटतो, हॉटेलात अंघोळ करतो. पुढची सगळी वास्तववादी हेरकथा इथून निघाली. यातल्या 'जुलिया लाझारी' मध्ये चंद्रलाल म्हणून एक भारतीय क्रांतिकारक आहे, तो सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्यावरून बेतलाय असं मानतात. लेखक शत्रूच्या बाजूनं असूनही त्या माणसाबद्दल जरा आदरानं बोलतो, ते बघा.

आता या टप्प्यावर 'ऑफ ह्यूमन बॉन्डेज' काढा. आता जर्मनीत अडकणार नाही, कारण तुम्हाला माहीत आहे ते काय आहे. फिलिपचा जन्मतः वाकडा पाय म्हणजे मॉमचं तोतरेपण. ब्लॅकस्टेबल म्हणजे व्हिटस्टेबल, टर्कनबरी म्हणजे कँटरबरी, नावं बदलायचा आळस तोच. पोरगं रात्री देवाला सांगतं उद्या सकाळी पाय सरळ कर, आणि मनापासून विश्वास ठेवून झोपतं, तो प्रसंग वाचताना आता तुम्ही नुसता पाय बघणार नाही. हे पुस्तक १९१५ चं, प्रुफं त्यानं युद्धाच्या धामधुमीत तपासली. पॅरिसच्या चित्रकलेच्या भागात कंटाळा आलाच तर चाळत पुढे गेलात तरी चालेल, मी काय तुमचा मास्तर नाही, पण मिल्ड्रेड आली की एक ओळ सोडू नका. चहाच्या दुकानातली वेट्रेस, दिसायला बेताची, स्वभावानं रुक्ष, आणि हा शहाणासुरता डॉक्टरकीचा पोरगा तिच्यापायी पार धुळीला मिळतो, आणि त्याला स्वतःला सगळं दिसत असतं.

सगळ्यात शेवटी 'द रेझर्स एज', १९४४. शेवटी अशासाठी की ही वाचायला सोपी पण फसवी आहे. आपल्याला मुखपृष्ठावर उपनिषद दिसलं की आपण एकदम छाती फुगवतो. नाव कठोपनिषदातलं, "क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया", वस्तऱ्याची धार. आणि याच मंत्राची पहिली ओळ "उत्तिष्ठत जाग्रत" ही शाळेच्या भिंतीवर विवेकानंदांच्या फोटोखाली आपण सगळ्यांनी वाचलीय, फक्त वस्तऱ्यापर्यंत कुणी नेलं नाही. मॉम १९३८ मध्ये भारतात आला होता, तिरुवण्णामलैला रमण महर्षींच्या आश्रमात गेला, आणि भेटीआधीच चक्कर येऊन पडला. लोकांनी लगेच समाधी लागली वगैरे गोष्टी केल्या, तो स्वतः म्हणाला की बाबांनो मला असं आधीही व्हायचं. कादंबरीतला लॅरी मुंबईत जहाजातून उतरतो, घारापुरीची लेणी बघतो, दक्षिणेत आश्रमात राहतो. हा भाग आपल्याला थोडा पातळ वाटतो खरं सांगायचं तर, आपण हे सगळं आजीच्या मांडीवर ऐकलेलं असतं. पण त्याच कादंबरीतला एलियट टेम्पलटन, पार्ट्यांच्या आमंत्रणांसाठी जगणारा म्हातारा, मरणाच्या दारात एका पार्टीचं बोलावणं आलं नाही म्हणून रडणारा, तो बघा. ज्ञानी लॅरीपेक्षा लेखकाला तो जास्त कळलाय.

वाचताना दोन ठिकाणी सावध राहा. पहिलं म्हणजे 'मी'. त्याच्या कितीतरी गोष्टींत निवेदक मी, लेखक मी, कधी तर नावसुद्धा मिस्टर मॉम. 'रेझर्स एज' मध्ये तर सुरुवातीलाच सांगतो की मी काही रचलेलं नाही. अजिबात ऐकू नका. ते पात्र आहे, शांत, ऐकून घेणारं, कशानं न हलणारं, जसा तो तोतरा माणूस स्वतःला बघू इच्छित होता. दुसरं म्हणजे मलाया आणि बोर्निओच्या गोष्टी. गोऱ्या साहेबांची पोकळी त्याच्याइतकी कुणी दाखवली नाही, क्लबात त्याच्यावर चिडून असायचे लोक, पण चिनी, मलाय, तमिळ माणसं बहुतेक वेळा ट्रे घेऊन येतात आणि जातात. आपण वाचताना आपोआप साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसतो. मधूनमधून ट्रेवाल्याकडे बघत जा, 'द लेटर' मधला चिनी कारकून ओंग ची सेंग तर खास बघण्यासारखा आहे, अख्ख्या खोलीत सगळ्यात कमी बोलतो आणि सगळे पत्ते त्याच्याच हातात.

म्हातारपणाचं वाचायची घाई नको. १९६२ मध्ये त्यानं आठवणी छापल्या, त्यात मेलेल्या बायकोबद्दल इतकं वाईट लिहिलं की जुने मित्र तुटले, त्याच सुमारास चित्रं विकण्यावरून मुलीशी कोर्टकचेरी, सगळंच ओंगळ. आत्मकथनच हवं असेल तर 'द समिंग अप' घ्या, १९३८ चं, त्यात स्वतःबद्दल फारसं काही नाही पण लिहिण्याबद्दल खूप आहे, आणि त्याचं ते साधं, सरळ, ऐकायला गोड लिहायचं तत्त्वही तिथेच. एक चांगली गोष्ट मात्र सांगायला हवी, १९४७ मध्ये त्यानं तरुण लेखकांसाठी बक्षीस ठेवलं, आणि पैसे परदेश प्रवासावर खर्च करायची अट घातली. व्ही. एस. नायपॉलला ते तरुणपणीच मिळालं होतं, आणि त्याच नायपॉलनं पुढे एका कादंबरीच्या भारतीय नायकाचं नावच विली सॉमरसेट चंद्रन ठेवलं.

पुस्तकं मिळवायची कुठून? मुंबईत असाल तर फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पेन्ग्विन अजून मिळतात, फक्त मुखपृष्ठावर तो हातासारखा दिसणारा शिक्का आहे का बघा, मोरोक्कोकडचं ते नजर न लागण्याचं चिन्ह, वडिलांनी तिकडून आणलेलं, आणि मुलानं आयुष्यभर पुस्तकांवर छापलं. 'बॉन्डेज', 'मून अँड सिक्सपेन्स' आणि 'रेन' ज्यात आहे तो संग्रह हे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. नाटकं मिळायला जरा त्रास होतो, जुन्या लायब्ररीत विचारा, धूळ झटकायची तयारी ठेवा.

आणि आणखी एक, आपल्याकडे कॉपीराइट लेखक गेल्यानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे १ जानेवारी २०२६ पासून त्याच्या हयातीत छापलेलं सगळं भारतात मोकळं झालंय. म्हणजे मराठीत करायला कुणाची परवानगी नको. मी हौसेनं 'द व्हर्जर' घेऊन बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो, व्हर्जरला काय म्हणायचं? चर्चचा पुजारी नाही, शिपाई नाही, झगा घालून मिरवणुकीच्या पुढे काठी घेऊन चालणारा, खुर्च्या लावणारा, मेणबत्त्या बघणारा. गुरव म्हटलं तर देऊळ डोळ्यासमोर येतं. वसईच्या एका मित्राला विचारलंय, तो त्याच्या आजीला विचारून सांगणार आहे.